ट्रॅकमधली कोंबडी

आमच्या गावच्या भजनी मंडळात बायकांनी बसायचं नाही, असा नियम कुठंही लिहिलेला नाही. लिहिलेला असता तर एव्हाना कुणीतरी खोडला असता. त्यामुळं झालंय असं, की मंडळाचा सगळा ताल माझ्या लॅपटॉपमधून निघतो, पेन ड्राइव्हवर बसून देवळात जातो, आणि मी मात्र समोरच्या घरात चुलीपाशी बसून तो भोंग्यावरून ऐकते. याबद्दल माझी तक्रार नाही. देवळातल्या फरशीवर गुडघे दुखतात आणि चुलीपाशी निदान चहा तरी मिळतो. पण त्या तालाचं पुढं काय काय झालं ते सांगायला मंडळातलं कुणी तोंड उघडणार नाही, म्हणून मी सांगते.

माझं माहेर आसनगावचं. लग्नाआधी मी शहापूरला एका शूटिंगवाल्याकडं व्हिडिओ एडिटिंगला होते. हळदी, लग्नं, साखरपुडे, पुढाऱ्यांचे वाढदिवस, जे येईल ते कापायचं आणि जोडायचं. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत गाणं संपलेलं असायचं, मग ते ताणायचं. करवल्यांचा नाच आटपला तरी गाणं उरलेलं असायचं, मग ते पळवायचं. लय कमी-जास्त करायची आणि सूर मात्र जागचा हलू द्यायचा नाही, ही विद्या मी तिथं शिकले. पूर्वी कॅसेट मंद फिरली की गाणारी बाई घशात कफ झालेल्या बाप्यासारखी गायला लागायची. आता सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा असतो, मिनिटाला किती ठोके पडायचे तो. आकडा खाली आणला की गाणं सावकाश चालतं, वर नेला की धावतं, आणि बाई बाईच राहते.

लग्न होऊन मुरबाडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याच्या या गावात आले, तेव्हा लॅपटॉप आणि हेडफोन माझ्याबरोबर आले. शहापूरचं काम मी घरूनच करायला लागले. सासूबाईंनी आळीत सांगितलं, "आमची सून दिवसभर कानांना झाकना लावून दुसऱ्यांची लग्ना बघते." पगार येतो हे कळल्यावर त्यांनी वाक्याला शेपूट जोडलं, "आणि त्याचे तिला पैसे देतात, बोल आता!"

माझे सासरे म्हणजे मंडळाचे बुवा. घरात आम्ही त्यांना बाबा म्हणतो. पेटी त्यांची, पहिला सूर त्यांचा, आणि कोण चुकलं हे सांगायचा हक्कही त्यांचाच. अर्धी मात्रा चुकली म्हणून त्यांनी सख्ख्या मेहुण्याला मंडळातून उठवलं होतं. तो मेहुणा त्यानंतर आमच्याकडं जेवायलाही आला नाही आणि बाबांना त्याचं काही वाटलं नाही. घरातही तीच तऱ्हा. मी भाकरी थापत असले की ओटीवरून आवाज यायचा, "सूनबाय, लय पळतेय." कुकरची शिट्टीसुद्धा समेवर यावी अशी या माणसाची अपेक्षा.

ते बुवा कसे झाले हेही सांगायला हवं. त्यांच्याआधी जे म्हातारबुवा होते, त्यांचा एका एकादशीला गजर अर्ध्यात सुटला. भजनाच्या शेवटी गजर असतो. लय चढत जाते, सगळे उठून उभे राहतात आणि गाणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत नसते. "ज्याचा गजर अर्ध्यात सुटला त्यानं पेटीवरून उठावा," असं तेव्हा ऐन तारुण्यातल्या माझ्या सासऱ्यांनी सगळ्यांदेखत बोलून दाखवलं, आणि म्हातारबुवा खरंच उठले. ते पुन्हा पेटीला शिवले नाहीत. नियम बाबांनी केला, फायदा बाबांचाच झाला, आणि आज तो नियम मंडळात सगळ्यांना तोंडपाठ आहे. सगळ्यांत जास्त पाठ आहे माझ्या चुलतसासऱ्यांना.

चुलतसासरे म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. आवाज असा की शेतात उभे राहून घरी चहा ठेवायला सांगतात आणि चहा खरंच ठेवला जातो. सुराचं त्यांना वावडं, पण छाती दणकट. आपण पेटीवर बसावं ही त्यांची फार जुनी इच्छा. पेटी त्यांना वाजवता येत नाही, ही अडचण त्यांनी कधी मोठी मानली नाही.

मंडळाला ट्रॅकची, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तालाची, गरज पडली ती पखवाजवाल्यामुळं. शेवटच्या घरातला हा मुलगा बाबांच्या हाताखाली तयार झालेला. मुलगा म्हणायचं एवढंच, त्याला दोन पोरं आहेत. त्याला चाकणला नोकरी लागली. गावात दुसरा कुणी शिकायला तयार नव्हता, कारण शिकायचं म्हणजे बाबांकडून शिकायचं. बैठक बसली. चुलतसासरे म्हणाले, "हल्ली सगळी ट्रॅकवरच गातात, टीव्हीत बघा. बुवांच्या सुनेला येतो ना ता, मग झाला तर." म्हणजे मंडळात बाई चालत नाही, पण बाईचा लॅपटॉप चालतो. ठराव एकमतानं पास झाला.

पखवाजवाला चाकणला जायच्या आधी आम्ही त्याचा हात पकडून ठेवला. भाताच्या कणगीच्या खोलीत गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमायला नको. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते. ती मळताना सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या नावानं चार चपात्या गेल्या." मी त्याच्या कानात हेडफोन घातला आणि ठोक्यांची टिकटिक सोडली. दोन आवर्तनांत त्यानं तो काढून ठेवला.

"वहिनी, हा टिकटिक्या बंद करा. मी बुवांच्या हाताकडं बघून वाजवतो, मला तीच सवय हाय."

मग बाबा त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि मांडीवर ताल देत राहिले. तो त्यांच्या हाताकडं बघत वाजवत राहिला. नंतर मी मोजून बघितलं, तर मिनिटाला एकशे बारा ठोके, एक इकडं नाही की तिकडं नाही. यंत्राची टिकटिक लावून जे जमलं नसतं ते बाबांच्या पंजानं केलं होतं. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. मी तो दाखवला नाही, नाहीतर भाकरीच्या लयीचा विषय पुन्हा निघाला असता.

त्या सगळ्या वाजवण्यात एकच आवर्तन असं सुंदर पडलं की मी तेच निवडलं, कापलं आणि पुन्हा पुन्हा जोडून अख्ख्या अभंगाचा ट्रॅक केला. पुढं गजरासाठी त्यालाच चढत्या आकड्यांची चढण बांधली. पण त्या आवर्तनाच्या शेवटी, बरोबर समेच्या आधी, बाहेर डालग्याखालच्या कोंबडीनं अंडं घातल्याची वर्दी दिली होती. ती थापेच्या आवाजात अशी मिसळली होती की कोंबडी काढावी तर थाप जाते. एकच आवर्तन जोडत नेल्यामुळं कोंबडी प्रत्येक आवर्तनात आली. गजराच्या चढणीवर तर ती इतकी घाईला यायची की बिचारीला एका अभंगात किती अंडी घालावी लागतात असं वाटायचं.

पेन ड्राइव्हची पहिल्या दिवशी पूजा झाली. त्याला हळदकुंकू लागलं, ब्लूटूथच्या स्पीकरसमोर नारळ फुटला आणि पाणी उडून स्पीकर थोडा वेळ घोगरा झाला. मग ट्रॅक सुरू झाला आणि कुणालाच नेमक्या थापेवर गाणं उचलता येईना. समोर माणूस असला की तो मान हलवतो, डोळ्यानं खुणावतो. डबा काय खुणावणार? दोन-तीन दिवस सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघून गायले. मग चुलतसासऱ्यांनी शोध लावला.

"कोंबडी आली का उचलायचा! बघा, चुकतच नाय!"

खरंच चुकत नव्हतं. आठवड्याभरात सगळे टाळकरी कोंबडीवर उचलायला लागले. बाबांना हे कळल्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मला म्हणाले, काढ ती. मी दुसरं आवर्तन निवडून बिनकोंबडीचा ट्रॅक करून दिला. मंडळानं तो दोन दिवस वाजवला, सगळे तोंडावर आपटले, आणि बैठक घेऊन कोंबडी परत आणली. बाबा एकटे विरोधात. "कोंबडीच्या भरवशावर मी देवाचा नाव घ्यायचो नाय," ते म्हणाले. "मी मात्रा मोजतो." आणि ते खरंच मोजायचे. सगळे कोंबडीमागून यायचे, बाबा आपल्या मोजणीवर यायचे, आणि दोघं बरोबर एका जागी यायचे. तरी आपण कोंबडीशिवाय आलो याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, असं माझा नवरा येऊन सांगायचा.

वर्ष-दीड वर्ष असं चाललं. मग बाबांना दम लागायला लागला.

मी चुलीपाशी बसून भोंग्यावर ऐकायचे, त्यामुळं मला आधी कळलं. ओळीचं शेवटचं अक्षर गिळलं जायला लागलं आणि त्या जागी पेटीचा भाता जोरात ओढला जायला लागला. मुरबाडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, विडी बंद केली आणि गाणं जरा कमी करा म्हणाले. परत येताना बाबा रिक्षात एवढंच बोलले, "त्या डाक्टरला पेटी येत नसंल." तिकडं देवळात चुलतसासरे इतकी वर्षं खांबाला टेकून बसायचे, ते खांब सोडून पेटीकडं सरकायला लागले. घाई नाही, गडबड नाही. दुधाच्या भांड्याकडं मांजर सरकतं तसे.

म्हणजे आता प्रश्न उघड होता. बाबांचा गजर एकदा अर्ध्यात सुटला की पेटी गेली. त्यांनीच केलेल्या नियमानं जाणार होती, त्यामुळं रडायचीही सोय नव्हती.

मला त्यात पडायचं काय कारण? एक कारण सरळ स्वार्थाचं. हा माणूस संध्याकाळी देवळात बसतो म्हणून माझ्या घरात कुकर सुखानं शिट्ट्या देतो. आणि दुसरं कारण असं, की लग्नानंतर पहिल्या वर्षी आळीत माझ्या लॅपटॉपवरून कुजबुज झाली तेव्हा हेच बाबा ओटीवर उभं राहून म्हणाले होते, "तिचा हात तालात चालतो. तुमची तोंडा चालतात तसा नाय." मला तोवर कुणी असं म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी अजून अधूनमधून काढून बघते.

उपाय मला सासूबाईंच्या मिठानं शिकवला. त्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलं होतं. एकदम कमी केलं तेव्हा त्यांनी ताट सरकवून "आजाऱ्याचा खाना मला नको" म्हणून सांगितलं. मग मी दर आठवड्याला चिमटीतले एक-दोन खडे कमी करत गेले. त्यांना कळलंच नाही. कळलं ते डोळखांबच्या बाजूला एका लग्नात. वरणाचा पहिला घास घेऊन त्या पंगतीत मोठ्यांदा म्हणाल्या, "यांनी दर्या ओतलाय काय यात?" बाकीची पंगत गपगुमान भुरके मारत होती. आचाऱ्याला मात्र उगाच शिव्या बसल्या.

तेच मी ट्रॅकला केलं. दर आठवड्याला आकडा एकानं खाली. गजराची चढणही हळूहळू सपाट करत आणली. सूर तोच, थाप तीच, फक्त दोन थापांमध्ये श्वासापुरती जागा. मंडळातल्या एकाही कानाला कळलं नाही, आणि हे सगळे कान पिढ्यान्‌पिढ्या तालात वाढलेले आहेत असं दर सप्ताहाला भाषणात सांगितलं जातं. उलट चुलतसासरे म्हणाले, "हल्ली भजनाला कसा ठेहराव आलाय." बाबांचं शेवटचं अक्षर परत आलं. आता त्यामागं कोंबडी बरीच सावकाश ओरडायची, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

लक्ष गेलं ते आळीतल्या बायकांचं. गजर सुरू झाला की शेवटची भाकरी तव्यावर टाकायची आणि गजर संपला की पानं घ्यायची, ही आमच्या आळीची पद्धत. आता भाकरी गार व्हायला लागली, काहींच्या मालिकाही बुडायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगो, यांचा देव हल्ली लांब राहायला गेलाय काय?" मी भाकरी उलटली.

मग सप्ताह आला. सात दिवस भजन-कीर्तन, गावोगावची मंडळं पाळीपाळीनं येणार. चाकणहून पखवाजवाला सुट्टी काढून आला, बाबांच्या पाया पडला, आणि मंडळानं जाहीर केलं की आज आपल्या पाळीला ट्रॅक नाही, खरा पखवाज. ब्लूटूथच्या स्पीकरवर टॉवेल टाकला गेला. मी घरात बसून तो आनंदाचा गलका ऐकला आणि मनातल्या मनात जुन्या आकड्यातून नवा वजा केला. पखवाजवाल्याला गाठून चार शब्द सांगावे असं मला वाटलं होतं, पण तो उतरला तो थेट देवळातच.

त्यानं ठेका धरला. तोच जुना, बाबांच्या पंजानं घालून दिलेला, एकशे बारा. बाबांनी मात्रा मोजून बरोबर उचललं. बाकी कुणीच उचललं नाही. माझा नवरा सांगतो, सगळे टाळकरी टाळ वर धरून उभे, तोंडं अर्धी उघडी, आणि डोळे टॉवेलखालच्या स्पीकरकडं. कोंबडीची वाट बघत होते. पखवाजात कोंबडी कुठून येणार? कसंबसं ते बाबांच्या मागून फरफटत निघाले, तर अभंग पायाखालून पळून जायला लागला.

आणि मग गजर. मी तव्यावर भाकरी टाकली आणि उलटायला विसरले. भोंग्यावर बाबांचा आवाज चढला, चढला, आणि तुटला. पेटीचा एक सूर तेवढा लांब वाजत राहिला. लगेच चुलतसासऱ्यांनी हात वर करून गजर आपल्याकडं घेतला. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी ते सरकत आले होते तो हाच. पहिली ओळ त्यांनी दणकून म्हटली. दुसरीला त्यांना ठसका लागला. तिसरी कुणीच म्हटली नाही. बाहेरगावच्या मंडळातलं कुणीतरी हसलं, तेही भोंग्यानं आम्हाला ऐकवलं.

भाकरीचा कोळसा झाला होता. आता कुणीतरी नियम बोलणार, म्हणून मी दारात येऊन उभी राहिले. पण नियम बोलायचा तर चुलतसासऱ्यांनी, आणि त्यांचाही गजर सुटलेला. त्यांनी घोटभर पाणी प्यायलं आणि पखवाजवाल्यावर बोट रोखलं.

"अरे पोरा, तुझा हात चढलाय! शहरात जाऊन बिघडलास तू!"

देवळानं सुटकेचा निःश्वास टाकला. सगळ्यांना एकदम पटलं. कारखान्यात मशीनपाशी उभा राहतो ना, मशीनची लय शिरली हातात. पैशाची घाई, हाताची घाई. पखवाजवाला बाबांकडं बघत होता. बाबा पेटीच्या पट्ट्यांकडं बघत होते. परवा पुन्हा आपली पाळी आहे, तोवर सुधार, असं त्याला सांगण्यात आलं, आणि चुलतसासऱ्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातात ठेवला.

"ह्याच्यावर सराव कर. लय कशी असते ती ऐक जरा."

त्याचेच हात, त्याचीच थाप, आणि त्याला सांगतायत त्याच्याकडून शीक.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या पडवीत आला. बाबा आत आडवे झाले होते. त्यानं पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवला.

"वहिनी, ही कोंबडी लांबली कशी?"

मी पेन ड्राइव्ह उचलून लॅपटॉपच्या मागं सरकवला.

"मी वाजवत होतो तवा ती एकदाच टचकन बोलली होती. मला हसू आला होता, म्हणून ध्यानात हाय. आता ती रडते. किती खाली नेलात?"

मी सांगितलं. का नेलं तेही सांगितलं. तो उकिडवा बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "बुवांचा मला कळतो. मी काय त्यांना पेटीवरून उठवायला आलोय काय? पण मला आधी सांगायचा होता. चार गावांत माझी लाज गेली ना."

"आता सांगू का सगळ्यांना?" मी विचारलं.

"सांगा. मग बुवा उठतील." तो उभा राहिला. "नको. नाय सांगायचा."

मी त्याला चहा घेऊन जा म्हटलं. तो थांबला नाही, आणि मला त्याचं बरोबर वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं ट्रॅकच्याच लयीत वाजवलं. पाळणा हलवावा तसं. कोंबडीच्या जागी तो पखवाजाच्या कडेवर बोटानं एक टिचकी मारायचा, आणि सगळे टाळकरी त्या टिचकीवर झोकात उचलायचे. गजर शेवटपर्यंत गेला. मंडळी खूष. "आता बसला हात," चुलतसासरे म्हणाले, "ट्रॅकचा गुण." त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. नवरा सांगतो, तो सगळा वेळ एकट्या बाबांकडं बघत होता, आणि बाबांनी एकदाही त्याच्याकडं वर बघितलं नाही.

सप्ताह संपला, तो चाकणला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हेडफोन लावून कुणाची तरी हळद कापत बसले होते. बाबा आले. या कोपऱ्यात ते कधी येत नाहीत. काही हवं असलं तर ओटीवरून हाक मारतात. ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले, एक हात भिंतीला धरून, सावकाश.

"तो पोर पहिल्या दिवशी बरोबर वाजवत होता."

ते विचारत नव्हते, सांगत होते. मी हेडफोन काढून ठेवला. आता मला मंडळातूनही उठवतील असं वाटलं, आणि मग आठवलं की मी मंडळात नाहीच.

"किती होता आधी?"

मी ट्रॅक उघडून दाखवला. "एकशे बारा. तुमच्याच हाताचा होता बाबा."

"आणि आता?"

"अठ्ठ्याण्णव."

अर्ध्या मात्रेसाठी मेहुणा तोडलेला माणूस हा. नियम ज्याचा त्यालाच लागू, असं म्हणून ते आज संध्याकाळी स्वतःच पेटीवरून उठतील, म्हातारबुवांसारखे, असं मला वाटलं.

बाबांनी दाराकडं बघितलं. सासूबाई मागच्या अंगणात होत्या.

"ह्याच्या खाली जातो काय अजून?" त्यांनी विचारलं.

आजवर त्यांनी मला कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या. विचारलेली ही पहिली.

"जातो," मी म्हटलं. "पण फार खाली नेला तर थाप ओल्या गोणपाटावर पडल्यासारखी येते. आवाज फाटतो बाबा."

"फाटू दे. माझा फाटण्यापरीस त्याचा फाटलेला बरा."

मी आकडा आणखी खाली आणला. पखवाजवाल्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याला मी सांगीन." अजून सांगितलेलं नाही. गावात तो आला की लोक अजून म्हणतात, हात चांगला होता हो याचा, शहरानं खाल्ला.

"लाव," बाबा म्हणाले. "बघू जमतो काय."

मी ट्रॅक लावला. त्यांनी मांडीवर हात ठेवला आणि मोजायला लागले. ओठ हलत होते. सहाव्या-सातव्या मात्रेपाशी त्यांना श्वास घ्यावा लागला आणि मोजणी सुटली. एक आवर्तन तसंच गेलं. दुसरं गेलं. मी पडद्याकडं बघत बसले, त्यांच्याकडं बघायचं टाळत. तिसऱ्या आवर्तनाला त्यांचे ओठ थांबले. त्यांनी मोजणं सोडून दिलं, मान जराशी तिरकी केली आणि कान लावून वाट बघत राहिले.

मग कोंबडी ओरडली, आणि बाबांनी बरोबर उचललं.